तारा कुठवर जातो, बूस्ट कुठवर?

प्रश्न : मी वर्षभर मॅस्टोडॉन या सोशल मीडियावर कासच्या पठारावरच्या रानफुलांचे फोटो टाकतेय. सीतेच्या आसवांच्या एका फोटोला माझ्या मोबाइलवर 19 तारे (म्हणजे लाइक) दिसतात, पुण्यातल्या भाच्याला मात्र त्याच फोटोवर 4 दिसतात. आणि एवढे तारे मिळूनही नवीन माणसं काही येत नाहीत. माझं कुठं चुकतंय?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही. भाच्याचा सर्व्हर, म्हणजे त्याचं खातं जिथे आहे तो संगणक, वेगळा आहे, एवढंच.

मॅस्टोडॉन जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी 2016 मध्ये सुरू केलं. ते एका कंपनीच्या ताब्यात नाही. हजारो सर्व्हर आहेत, ज्याचा तो चालवतो आणि ॲक्टिव्हिटीपब या ठरलेल्या पद्धतीने ते एकमेकांना निरोप धाडतात. कुणी तारा दिला की त्याचा निरोप तुमच्या सर्व्हरवर येतो. भाच्याच्या सर्व्हरला मात्र बहुतेक वेळा आपल्याकडच्या लोकांचेच तारे ठाऊक असतात. खरा आकडा तुमच्याकडचा, 19.

आता नवीन माणसांचं. इथलं होम फीड, म्हणजे आपण फॉलो करतो त्यांच्या पोस्टची यादी, वेळेच्या क्रमाने चालतं, तारे मोजून तुमचा फोटो कुणाच्या होम फीडमध्ये वर येत नाही. तारा म्हणजे देणाऱ्याने तुम्हाला कळवलेलं, की फोटो आवडला. तो पुढे न्यायचं काम बूस्टचं. बूस्ट करणाऱ्याच्या फॉलोअरपर्यंत, ते ज्या ज्या सर्व्हरवर असतील तिथे, फोटो तुमच्याच नावाने पोचतो.

हे मला माझ्या आजोबांच्या वहीने शिकवलं. त्यांच्या जमाखर्चाचं मोडीतलं एक पान मी टाकलं होतं. तीन दिवस सात तारे, बाकी शांतता. चौथ्या दिवशी एका ग्रंथपालबाईंनी ते बूस्ट केलं आणि संध्याकाळी तंजावरहून एका गृहस्थांचं उत्तर आलं. मला न लागलेली ओळ त्यांनी वाचून दिली होती : 'गूळ अडीच शेर'. आजोबांचं अक्षर त्या दिवशी मला पहिल्यांदा वाचता आलं. तेव्हापासून मनापासून आवडलेल्या पोस्टला मी नुसता तारा देत नाही, बूस्टही करते. इथे ते आपल्यालाच करायला हवं.

भाच्याला तसं सांगा. तुम्हीही इतरांचे फोटो पुढे पाठवा. टाकताना मात्र फोटोवर पृथ्वीचा गोल दिसतोय ना, ते बघा. कुलूप असेल तर तो फक्त फॉलोअरना दिसतो आणि दुसऱ्या कुणाला बूस्ट करता येत नाही. आणि यंदा आसवं फुलली की तुमचा जुना फोटो तुम्ही स्वतःच बूस्ट करा. तसं करता येतं.