३०० पाहुण्यांचं पर्यावरणपूरक लग्न: आधी कचरा कुठे जाणार ते ठरवा

समजा, तुम्हाला पर्यावरणपूरक लग्न करायचं आहे आणि तुमच्या यादीत तीन गोष्टी आहेत: बियांच्या कागदाची (मातीत पेरता येणारी) पत्रिका, ‘कम्पोस्टेबल’ म्हणजे खत होऊ शकणारी ताटं आणि पाहुण्यांना भेट म्हणून रोपं. माणसं ३००, मोकळं मैदान, संध्याकाळचा कार्यक्रम आणि तयारीला तीन महिने. यादीमागचा हेतू चांगला आहे, पण लग्नाचा पर्यावरणावरचा खरा भार या तिन्हींत नाही. तो पाहुण्यांचा प्रवास, जेवण आणि जनरेटर यांत आहे.

प्रवासाचा हिशेब आधी करून बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलचा आकडा २.७ च्या आसपास. समजा, बाहेरगावचे ९० पाहुणे ३० गाड्यांतून येणार आहेत आणि जाऊन-येऊन अंतर ३०० किलोमीटर आहे. लिटरला १५ किलोमीटर धरलं तर गाडीमागे २० लिटर पेट्रोल, म्हणजे एकूण सुमारे १३८० किलो. तीच माणसं ४५ आसनी दोन बसमधून आली आणि बसने लिटरला ४ किलोमीटर दिले, तर १५० लिटर डिझेल लागेल, म्हणजे सुमारे ४०० किलो. पत्रिकेच्या कागदावर कितीही डोकं लढवलं तरी एवढी बचत होणार नाही. म्हणून जागा निवडताना बहुतेक पाहुणे कुठून येणार ते नकाशावर मांडा, आणि स्टेशनच्या किंवा बसथांब्याच्या जवळची जागा आधी बघा. बसची वेळ आणि चढण्याची जागा पत्रिकेतच द्या. नंतर कळवलं तर तोवर लोकांनी गाड्या ठरवलेल्या असतात. परतीची बस मात्र एकच ठेवू नका. लवकर निघायचं असणारे त्या भीतीनेच स्वतःची गाडी काढतात.

जेवणात सगळ्यात मोठी चूक आकड्याची होते. यजमान ३०० सांगतो, केटरर ‘कमी पडायला नको’ म्हणून ३४० चं धरतो आणि आचारी त्यावर आणखी मूठभर टाकतो. तीन जणांनी तीनदा सुरक्षितता जोडली, की उरणारच. यावर उपाय म्हणजे वाढीव अंदाज एकानेच धरायचा आणि तो करारात लिहायचा. पाहुण्यांकडून होकार दोनदा घ्या: महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी. स्वयंपाक टप्प्यांत करायला सांगा. साधारण ७० टक्के आधी शिजवायचं, उरलेल्याचं चिरणं-भिजवणं करून ठेवायचं आणि गर्दी बघून चूल पेटवायची. पदार्थ कमी केले तर हे जमतं. पंचवीस पदार्थ असतील तर कोणताही आचारी टप्प्यांचं ऐकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. शिवाय प्रत्येक पदार्थ चाखून टाकला जातो तो वेगळाच.

उरलेलं अन्न देणार असाल तर घेणारी संस्था, तिची गाडी आणि रात्रीची वेळ आधीच पक्की करा. ताटात किंवा वाढपाच्या टेबलावर गेलेलं अन्न देऊ नका. स्वयंपाकघरात झाकून राहिलेलंच द्या. ते एकतर ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिलं पाहिजे, नाहीतर लवकर थंड करून ५ अंशांच्या खाली गेलं पाहिजे. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं अन्न कोणाला देऊ नये. मोठ्या पातेल्यात भरून ठेवलेलं अन्न मध्यभागी रात्रभर कोमट राहतं आणि तिथेच बिघडतं. उथळ ट्रेमध्ये, फार तर ५ सेंटिमीटर थर देऊन पसरा.

आता ताटं. ‘कम्पोस्टेबल’ लिहिलेला पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या) प्लास्टिकचा माल मोठ्या खत प्रकल्पातल्या ६० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कुजतो; घरच्या ढिगात तो तसाच पडून राहतो, आणि नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मिसळला तर पुनर्वापराची ती खेपही बिघडवतो. बहुतेक कागदी कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो. काही पत्रावळींनाही खालून असतो, फाडून बघा. स्टीलची भाड्याची ताटं हाच सरळ मार्ग. जेवण दोन तास चालणार असेल आणि लगेच धुणं होणार असेल तर ३०० माणसांना २०० ताटं पुरतात. खरकटं निपटायला दोघं, धुवायला तिघं, पुसून रचायला एक अशी माणसं लागतात. नळ सोडून धुण्याऐवजी तीन टब ठेवा: साबणाचा, विसळायचा आणि शेवटचा स्वच्छ पाण्याचा. सांडपाण्याच्या वाटेवर जाळी हवीच, नाहीतर तासाभरात नाली तुंबते. चमच्यांची बादली खरकट्याच्या ड्रमच्या आधी ठेवा. उलटं केलं की चमचे खतात सापडतात. पिण्याच्या पाण्यासाठी २० लिटरचे जार आणि स्टीलचे पेले. एका जारमध्ये २५० मिलीचे ८० पेले होतात.

ओला कचरा माणशी १५० ग्रॅम धरला तर ४५ किलो होतो. त्याला ६० लिटरचे ड्रम घ्या आणि अर्धेच भरा. १०० लिटरचा काठोकाठ भरलेला ड्रम दोघांनाही उचलत नाही. ड्रमपाशी पहिला तासभर तरी माणूस उभा हवा. नुसत्या पाट्या लावल्या तर कागदी रुमाल, बाटल्या आणि खरकटं एकत्र जाणार. खत जागेवरच करणार असाल तर खरकटं गाळून घ्या, त्याच्या दुप्पट आकारमानाचा वाळका पाला मिसळा आणि ढीग लांबी, रुंदी आणि उंचीला किमान एक मीटर ठेवा. त्याहून लहान ढीग नीट तापत नाही. ४५ किलो खरकट्याचा ढीग एवढा होत नाही, तेव्हा तो आधीपासूनच्या ढिगात मिसळा. अमोनियासारखा वास आला तर पाला कमी पडलाय, सडक्या अंड्यासारखा आला तर हवा.

जनरेटर बहुतेकदा गरजेपेक्षा मोठा येतो. क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर तो चालवला तर युनिटमागे डिझेल जास्त जळतं आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचते. म्हणून कोणतं उपकरण किती वीज घेतं, याची आधी यादी करा. ५०० वॉटचे २० हॅलोजन म्हणजे १० किलोवॉट. त्यांच्या जागी १०० वॉटचे एलईडी लावले तर २ किलोवॉटमध्ये भागतं. फ्रिज आणि पंप सुरू होताना दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढतात, ते एकदम सुरू करू नका. तात्पुरती वीजजोडणी मिळत असेल तर तिचा अर्ज आत्ताच टाका आणि जनरेटर राखीव ठेवा.

सजावटीत फुलं खोचायचा हिरवा फ्लोरल फोम नको. तो प्लास्टिकच असतो आणि चुरा होऊन मातीत राहतो. बाटल्या किंवा तारेची जाळी पुरते. हार-तोरणांतली तार आणि नायलॉन दोरा आधी काढला नाही तर फुलांचं खत कोणी घेत नाही. चमकी आणि फुगे सरळ बाद करा.

रोपांचं म्हणाल तर लांबून आलेला पाहुणा ते गाडीत विसरतो. भेट दिलीच पाहिजे असं नाही. बियांची पत्रिकाही बहुतेक घरी कपाटातच राहते. निम्म्या पाहुण्यांना फोनवरच पाठवा.

डेकोरेटर आणि केटरर या दोघांच्या करारात उरलेला माल, दोऱ्या, कापड आणि डबे कोण नेणार ते नावानिशी लिहा, आणि शेवटचा हप्ता मैदान दुसऱ्या दिवशी उजेडात पाहून मगच द्या.