चटईवर बसायला जा, सिस्टर

ताई,

मी मूळची वसईची. एका धर्मसंघाची सिस्टर आणि नर्स. गेली अडीच वर्षं मिशनरी म्हणून टांझानियात आहे, टाबोराच्या पुढे एका खेड्यात आमचा छोटा दवाखाना सांभाळते. पहाटे साडेपाचपासून दार वाजायला लागतं. "सिस्ता, नाओम्बा..." म्हणजे मागते, द्या. साबण, वहीचे पैसे, सायकलची ट्यूब, बाळाला दूध. हातपंप जूनपासून बंद आहे. कधी दुरुस्त होणार विचारलं की एकच उत्तर, "बादो". अजून नाही. ज्या राखणदारावर विश्वास टाकला त्याने सोलरची बॅटरी विकून टाकली. म्हाताऱ्या बायका किन्यामवेझी बोलतात, माझी स्वाहिली त्यांच्यापुढे तोकडी पडते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एप्रिलमध्ये, पाऊस संपता संपता, एक आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ताप, झटके. दोन दिवस म्गांगाकडे, तिथल्या वैदूकडे ठेवून तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला. तळहात कागदासारखे पांढरे. सगळ्यांदेखत मी तिच्यावर ओरडले, "आता आणलास? मेल्यावरच आणायचा होतास!" इंजेक्शन देऊन मोठ्या इस्पितळात पाठवला. मोटरसायकलवर, वाटेतच गेला. दुखवट्याला मी गेले नाही. तीस पेशंट बसले होते, अशी मी माझी समजूत घातली.

तेव्हापासून झोप नाही. दार वाजलं की रागच येतो. घरच्या चर्चला दर तीन महिन्यांनी पत्र पाठवते, त्यात हसऱ्या मुलांचे फोटो असतात. आईने धाडलेली सुकेळी अजून तशीच कपाटात आहेत, पाकीट फोडावंसंच वाटत नाही. माझ्यातलं प्रेम संपलं का? परत यावं का?

एक सिस्टर

*

प्रिय सिस्टर,

१९८० साली लग्न होऊन मी टांझानियातच, म्वांझाला गेले. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये होता. सहा वर्षं काढली तिथे. त्यामुळे तुमच्या पत्रातला "नाओम्बा" मी नुसता वाचला नाही, तो मला ऐकू आला.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पंप, बॅटरी, साबण हे सगळं तुम्ही चार ओळींत उरकलंत. तळहातांचा रंग मात्र लिहिलात. दुखणं तिथे आहे, तर आधी तिथलंच बोलू.

तुमचं चुकलं, सिस्टर. हे मी गुळमुळीत सांगणार नाही, कारण तुम्हालाही ते ठाऊक आहे आणि कुणी तरी ते मोठ्याने म्हणावं म्हणूनच तुम्ही लिहिलंत असं मला वाटतं. मरणाच्या दारात असलेलं मूल मांडीवर घेतलेल्या बाईला तसं बोलायला नको होतं. पण त्या क्षणी तुम्ही काय बघत होतात हेही मला दिसतं. मलेरियाने रक्त उतरलेलं मूल, रक्त चढवायची सोय नाही, ॲम्ब्युलन्स नाही. दोन दिवस आधी आला असता तर कदाचित वाचला असता, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला कळत होतं. त्या हतबलपणाचा राग निघायला जागा हवी होती आणि समोर ती आई होती.

आता तिच्या बाजूने बघा. तापात मुलाला झटके आले की तिथे त्याला "देगेदेगे" म्हणतात. म्वांझाला आमच्या शेजारणी हा शब्द आवाज खाली करून उच्चारायच्या. ही दवाखान्याची बाब नाही, ही वरची बाधा आहे, असा पक्का समज. आणखी एक समज असा की देगेदेगे झालेल्या मुलाला सुई टोचली तर ते दगावतं. म्हणजे घरातल्या सासूने, दिराने, शेजारच्या जाणत्या बाईने जिथे न्यायला सांगितलं तिथे तिने मुलाला नेलं. तिने हयगय केली नाही, तिच्या जगातलं सर्वांत शहाणपणाचं काम केलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं न ऐकता ती तुमच्याकडे आली असेल, तर ते तर मोठंच धाडस. आणि त्या गावाच्या हिशेबाने पुढे काय झालं? सुई टोचली आणि मूल गेलं. तुम्ही दिलेलं इंजेक्शन बरोबर होतं, वेळ निघून गेली होती. पण हे तिला कोण सांगणार? आपल्याकडे मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या येतात. देणारी ती आजीच असते, आणि तिचा जीव त्या बाळावर कुणापेक्षा कमी नसतो.

एक प्रसंग सांगते. म्वांझाला दुसऱ्या वर्षी माझं सहाव्या महिन्यात बाळ गेलं. इस्पितळातून घरी आले, नवरा कामावर, मी एकटी. दुपारी दाराशी आवाज आला, "होदी, होदी". म्हणजे, आत येऊ का? आमच्या ओळीतल्या पाच बायका. चटई त्यांनीच आणली होती. भिंतीला टेकून बसल्या. "पोले" म्हणाल्या, आणि मग काही बोललं नाही कुणी. मला वाटलं यांना चहा द्यायला हवा. घरात साखर नव्हती. युगांडाशी झालेल्या युद्धानंतरचे दिवस, साबण आणि साखर बाजारातून गायब झालेली. मी ओशाळून उठायला लागले तशी एकीने माझा हात धरून खाली बसवलं. तिने अंगाला गुंडाळलेल्या कांग्याच्या, म्हणजे तिथल्या रंगीत कापडाच्या, टोकाची गाठ सोडली. आत मूठभर साखर होती. तिच्या घरात किती होती ते मला माहीत होतं. तिनेच चहा केला, मला पाजला, आणि अंधार पडेपर्यंत त्या पाचजणी बसून राहिल्या.

"पोले" या शब्दाला मराठीत नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. ठेच लागलेल्यालाही म्हणतात, ओझं वाहणाऱ्यालाही, मूल गेलेल्या आईलाही. त्यात "माझं चुकलं" नाही आणि "तुझं चुकलं"ही नाही. तुझ्यावर जे आलंय ते मी बघतेय, एवढंच.

म्हणून, तुम्ही दुखवट्याला गेला नाहीत ही गोष्ट त्या गावात ओरडण्याहूनही जड असणार. तिथे म्सिबाला, म्हणजे दुखवट्याला, न जाणं म्हणजे काय, हे वसईच्या माणसाला मी सांगायला हवं का? तुमच्या वाडीत कुणाचं मयत झालं आणि शेजारचं घर बंदच राहिलं, तर लोक किती वर्षं लक्षात ठेवतात?

तेव्हा जा. चार महिन्यांनी गेलं तरी चालतं, बसायला येणाऱ्याला उशीर झाला म्हणून कुणी परत पाठवत नाही. एकट्या जाऊ नका. दवाखान्यात झाडलोट करणारी, बाळंतपणात मदत करणारी एखादी वयस्क बाई असेलच, तिला विचारा, "मला तिच्या घरी जायचंय, तुम्ही न्याल का?" ती दिवस ठरवेल, काय न्यायचं तेही सांगेल. बहुधा मक्याचं पीठ, साखर, थोडी रांबिरांबी, म्हणजे दुखवट्याला देतात ते पैसे. तिथे सासू असेल तर आधी तिला "शिकामू" म्हणा, वडीलधाऱ्यांना करायचा तो नमस्कार. या शब्दाचा उगम पाय धरण्यात आहे असं मला तिथे सांगितलं होतं, आणि ऐकल्यापासून तो म्हणताना मी मनात वाकतच असे. मग चटईवर बसा. मलेरिया समजावू नका. इंजेक्शनचा खुलासा करू नका, तो दिवस वेगळा. "त्या दिवशी मी तुम्हाला वाईट बोलले, मला माफ करा" एवढं स्वाहिलीत म्हणा, सोबतची बाई किन्यामवेझीत सांगेल. ती आई बोलेल, न बोलेल. रडली तर रडू द्या, तुम्हालाही रडू आलं तर आवरू नका. त्यांनी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, पुढे केली तर खा. पोट भरलंय म्हणू नका.

देगेदेगेचं काम नंतर, आणि ते तुमच्या तोंडून नको. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं आणि बाळं वाचली. शिकलेली बाई त्याच गल्लीतली होती, तिच्यावर गावाचा आधीपासून भरवसा होता. तुमच्याकडेही दोन-तीन आज्या अशा निघतील. आणि त्या म्गांगालाही भेटा. त्याला कमी लेखून नाही, शेजारी म्हणून. "झटके आलेलं मूल तुमच्याकडे आलं की त्याच दिवशी माझ्याकडे धाडा, तुमचं जे करायचं ते मागाहून करा." तो ऐकेलच असं नाही. पण विचारलेलं नसेल तर विचारा.

आता "नाओम्बा". पहिलं वर्षभर मीही या शब्दाने वैतागले होते. मग एकदा हॉटेलात बघितलं, चांगल्या कपड्यातला एक गृहस्थ वेटरला म्हणाला, "नाओम्बा माजी". पाणी द्या. तो भीक मागत नव्हता, नीट बोलत होता. दारात येणाऱ्यांतल्या काहींची गरज खरी असते, काही नुसते विचारून बघतात, आणि "लेओ सीना", आज नाही माझ्याकडे, हे उत्तर ते एकमेकांना रोज देतात. कुणी रुसत नाही. तुम्हीही द्या. स्पष्टीकरण नको, उपदेश तर नकोच. साबणाचा आणि वहीचा निर्णय चर्चच्या समितीतल्या बायकांवर सोपवा, कुणाला खरी नड आहे ते त्यांना तुमच्यापेक्षा कळतं.

पण मला दिसतं ते असं, की अडीच वर्षांत तुम्ही एकदाही कुणाकडे "नाओम्बा" म्हणून गेला नाहीत. पत्रात सगळे तुमच्याकडे मागतात, तुम्ही कुणाकडेच नाही. अशाने माणूस कोरडा पडतो. येशू विहिरीवर त्या शोमरोनी बाईला पहिलं वाक्य काय म्हणाला, ते तुम्ही माझ्याहून जास्त वेळा वाचलंय. "मला प्यायला दे." शिकवण पुढे आली, आधी पाणी मागितलं.

तुम्ही ज्या टाबोरात बाजाराला जाता, तिथूनच १८७२ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या प्रवासाला निघाला. मिशनऱ्यांच्या गोष्टींत तो एकटा, खंबीर दाखवतात. प्रत्यक्षात सोबत्यांशी त्याचे खटके उडत, आणि अखेरच्या दिवसांत पाऊल टाकायची ताकद नव्हती तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला डोलीत घालून वाहिलं. १८७३ मध्ये, आजच्या झांबियात, तो गेल्यावर त्यांनीच त्याचं काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं आणि देह शेकडो मैल उचलून किनाऱ्याला, बागामोयोला आणला. त्यांच्यात जेकब वेनराइट नावाचा तरुण होता, गुलामगिरीतून सुटलेला आणि आपल्या नाशिकला, शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला. मृत्यूनंतरची प्रार्थना त्याने वाचली. नाशिकला ज्याला "घेणारा" म्हणून वाढवलं, त्याच्याच आधाराने तो मोठा मिशनरी घरी पोचला. हे वाचलं तेव्हा मला ती साखरेची गाठ आठवली.

बाकीचं थोडक्यात. बॅटरीचा तपास तुम्ही करू नका, समितीला करू द्या, आणि सगळ्या किल्ल्या एकट्याच्या कमरेला नकोत. चार महिने झोप नाही हे वरिष्ठांना याच आठवड्यात सांगा आणि टाबोराला जाऊन डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासा, मनाचंही बोला. त्यांनी महिनाभर विश्रांती दिली तर पळ काढल्यासारखं वाटून घेऊ नका. घरच्या चर्चच्या पुढच्या पत्रात एक परिच्छेद खरा लिहा: पंप बंद आहे, एक मूल गेलं, मी थकलेय. वसईची माणसं शेतकरी आहेत, नापिकी त्यांना कळते. हसरे फोटो पाठवू नका असं नाही, पण त्या फोटोंसाठी कुणी प्रार्थना करत नाही.

परत यावं का, याचं उत्तर मी आत्ता देणार नाही. त्या घरी जाऊन आल्यावर, आठ रात्री झोप लागल्यावर स्वतःला विचारा. यावंसं वाटलं तर या, वसईतही नर्स लागतात. पण त्या अंगणात न जाता आलात तर ते अंगण तुमच्याबरोबर येईल.

आणि सुकेळ्यांचं पाकीट फोडा. केळीच्या पानात बांधलेलं असेल, दोरा सोडलात की तुमच्या वाडीचा वास येईल. अर्धी सुकेळी त्या आईकडे न्या, माझ्या आईने पाठवलीत म्हणून सांगा. उरलेली रात्री स्वतः खा, आणि आईला फोन लावून कशी लागली ते सांगा.

तुमची,
ताई