फुटून निघण्याची मागणी करणारा पक्ष निवडून आला, तर लोकांनी स्वतंत्र होण्याचा कौल दिला असं मानायचं का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. असा पक्ष प्रांतात बहुमताने निवडून आला तर तिथल्या लोकांना वेगळा देश हवा आहे असं धरायचं का, हा पहिला. आणि तरीही केंद्र सरकारने सार्वमत घेऊच दिलं नाही, तर स्वयंनिर्णयाच्या हक्कावर घाला आला असं म्हणायचं का, हा दुसरा. पहिल्याचं माझं उत्तर ठाम 'नाही' आहे. दुसऱ्याचं 'बऱ्याचदा हो', पण त्याला अटी आहेत.

मी बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये डंडी शहरात राहते. स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावं का, या २०१४ च्या सार्वमतात मी मत दिलं आणि तेव्हा माझा पासपोर्ट भारतीय होता. पुण्यातल्या नातेवाइकांना याचं अजून नवल वाटतं. पण मतदार ठरवताना तिथे जन्म आणि वंश पाहिलाच नव्हता. स्कॉटलंडमध्ये रीतसर राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक मतदार होते, युरोपीय संघाच्या देशांतले लोक होते, सोळा वर्षांची मुलंमुली होती. आणि स्कॉटलंडमध्ये जन्मून लंडनला स्थायिक झालेल्यांना मात्र मत नव्हतं. 'आमचे लोक' म्हणजे रक्ताचे की इथे राहणारे, हे मी फुटून निघण्याच्या कुठल्याही चळवळीबद्दल सगळ्यात आधी पाहते. तिथे घोटाळा असेल तर पुढच्या हक्काच्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही.

आता मुद्द्याकडे येते. २०११ मध्ये स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला (एसएनपी) स्कॉटलंडच्या एडिनबरातल्या संसदेत १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. तिथली निवडणूक पद्धत अशी आहे की एका पक्षाला निर्विवाद बहुमत मिळणं फार अवघड, त्यामुळे हा निकाल अनेकांना अनपेक्षित होता. मतं मात्र पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपासच होती. आणि त्या काळातल्या मतचाचण्यांत स्वातंत्र्याला पाठिंबा होता साधारण एक तृतीयांश लोकांचा. मग बाकीच्यांनी मत का दिलं? कारण त्याआधीची चार वर्षं या पक्षाने अल्पमतातलं सरकार बरं चालवलं होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांचं शुल्क गेलं होतं, स्कॉटिश विद्यार्थ्यांना पदवीचं शिक्षण मोफत होतं, घरावरचा स्थानिक कर वाढवला नव्हता. लोकांनी कारभाराला मत दिलं होतं. पक्षाच्या घटनेत पहिलं उद्दिष्ट कोणतं लिहिलंय, हे पाहून मत देणारे थोडे असतात.

एसएनपीचे तेव्हाचे नेते आणि स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख ॲलेक्स सॅमंड यांनी हे ओळखलं होतं, हे त्यांच्या श्रेयात धरायला हवं. 'आम्ही जिंकलो, म्हणजे देश स्वतंत्र' असं ते म्हणाले नाहीत. १५ ऑक्टोबर २०१२ ला त्यांनी आणि ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी एडिनबरात करार केला. लंडनच्या संसदेने सार्वमत घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला तात्पुरता द्यायचा, आणि निकाल दोघांनीही मानायचा. प्रश्नाची शब्दरचनासुद्धा पक्षाच्या मर्जीवर राहिली नाही. सॅमंड सरकारला विचारायचं होतं, 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?' निवडणूक आयोगाने लोकांवर चाचणी घेऊन सांगितलं की असं विचारलं तर माणूस होकाराकडे झुकतो. शेवटी मतपत्रिकेवर आलं ते एवढंच : 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?' वाचायला फरक लहान वाटतो, पण अशा प्रश्नावर मतदानात दोन टक्केही इकडचे तिकडे झाले तर देश तुटतो किंवा राहतो.

१८ सप्टेंबर २०१४ ला ८४.६ टक्के मतदान झालं. ५५.३ टक्के 'नाही', ४४.७ टक्के 'हो'. मी 'नाही' म्हटलं. चलन कुठलं असणार, याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. एडिनबराचे नेते म्हणत पौंड आपल्या दोघांचाच राहील, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी तसं होणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं. माझं शहर मात्र 'हो'च्या बाजूचं होतं, तब्बल ५७ टक्के. शेजारचे आजोबा जन्मभर मजूर पक्षाचे. त्यांच्या पक्षाचे नेते 'नाही'चा प्रचार करत असताना त्यांनी खिडकीत 'हो'चा फलक लावला होता. त्या उन्हाळ्यात पक्ष आणि प्रश्न एकमेकांपासून सुटे झाले होते. बसच्या थांब्यावर, केस कापायच्या दुकानात, शाळेच्या फाटकाशी लोक पेन्शन, तेल, पाणबुड्यांवरची अण्वस्त्रं यावर बोलत होते. राजकारण इतक्या लोकांच्या तोंडी मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आठ महिन्यांनी, मे २०१५ मध्ये ब्रिटनच्या संसदेची निवडणूक आली आणि सार्वमत हरलेल्या पक्षाने स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. मजूर पक्ष ४१ वरून एका जागेवर आला. त्या ५६ मधल्या एका उमेदवाराला माझंही मत होतं. लंडनमध्ये स्कॉटलंडची बाजू कोण जोरात मांडेल, असा विचार मी केला होता, आणि 'नाही' म्हटलेल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनीही तोच केला.

आपल्याकडच्या वाचकांनी इथे गोवा आठवावा. तिथे प्रश्न भारतातून फुटण्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं, एवढाच होता. तरी पक्ष आणि प्रश्न यांतला फरक इतक्या लख्ख दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरणासाठीच जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मगो म्हणत होता, लोकांनी कौल दिलाय, आता विलीन करा. मुंबईतही अनेकांचं तेच म्हणणं होतं. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या, जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा आग्रह होता की हा प्रश्न लोकांना वेगळा विचारा. शेवटी दिल्लीने त्यासाठी खास कायदा केला, मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आधी पायउतार झालं, आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे वैध मतांत ५५.५ टक्के विरुद्ध ४४.५. स्कॉटलंडच्या आकड्यांशी ताडून पाहा.

आणि दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच गोव्याने ३० पैकी १६ जागा मगोला दिल्या आणि भाऊसाहेबांना परत मुख्यमंत्री केलं. ज्या बहुजन कुळांना बांदोडकर आपले वाटत, गावोगाव निघालेल्या शाळा ज्यांना त्यांच्या वाटत, त्यांच्यातल्याच कित्येकांना गोवा महाराष्ट्राच्या कोपऱ्यातला एक जिल्हा होऊन राहावा असं वाटत नव्हतं. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांना महाराष्ट्रातल्या दारूबंदीची धास्ती होती. यात विसंगती काहीच नाही. माणूस हवा, पण त्याचा तो बेत नको, असं म्हणायची सोय मतदाराला एकदा मिळाली आणि त्याने ती वापरली. महाराष्ट्रात या निकालाकडे पराभव म्हणून पाहिलं गेलं. मी मराठी घरातली आहे, आणि मला तो लोकशाहीने आपल्या देशात केलेल्या सर्वांत नेटक्या कामांपैकी एक वाटतो. १९६३ चा निकालच कौल मानला असता, तर पावणेदोन लाख लोकांचं मत कुणाला कळलंच नसतं.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातही असंच घडलं. मे १९८० च्या सार्वमतात साठ टक्क्यांच्या जवळपास लोकांनी 'नाही' म्हटलं आणि एप्रिल १९८१ मध्ये सार्वमत मागणाऱ्या पार्टी क्यूबेक्वा याच पक्षाला आधीपेक्षा मोठ्या बहुमताने निवडून दिलं.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात २०१५ ची प्रांतिक निवडणूकच सार्वमत समजा, असं स्वातंत्र्यवादी पक्षांनी जाहीर केलं. जागा १३५ पैकी ७२ मिळाल्या, मतं ४७.८ टक्के. जागांनी म्हणावं जिंकलो, मतांनी म्हणावं नाही. त्या पायावर १ ऑक्टोबर २०१७ चं मतदान उभं केलं. स्पेनच्या घटना न्यायालयाने ते आधीच थांबवलं होतं, विरोधातले बहुतेक लोक घरी बसले, त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान आणि त्यात नव्वद टक्के 'हो'. माद्रिदने मतदान केंद्रांवर पोलीस पाठवून लोकांना मारहाण केली, याचा मी निषेधच करते. पण ज्यांना स्पेनमध्ये राहायचं होतं त्या निम्म्या कॅटलान लोकांचं मत त्या पेटीत नव्हतं, ही गोष्टही तेवढीच खरी.

आता तुमचा दुसरा भाग. 'स्वयंनिर्णयाचा हक्क' संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आहे, १९६६ च्या दोन्ही मानवी हक्क करारांच्या पहिल्याच कलमात आहे. पण तो मुख्यतः वसाहतींसाठी आणि परकीय सत्तेखालच्या लोकांसाठी, असंच बहुतेक देश मानतात. भारताने १९७९ मध्ये हे करार स्वीकारताना तसं स्पष्ट लिहूनच दिलं, की हा हक्क परकीय वर्चस्वाखालच्या जनतेला आहे, सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाला नाही. त्याआधी १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवाराला देशाच्या अखंडतेची शपथ घ्यावी लागू लागली आणि द्रमुकने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडली. चार वर्षांनी तोच पक्ष मद्रासमध्ये सत्तेवर आला. भाषा आणि राज्याचे अधिकार, या ज्या गोष्टींसाठी लोक त्यांच्यामागे होते, त्या देशात राहूनही लढता येत होत्या.

या विषयावर सगळ्यात शहाणपणाचा निकाल मला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वाटतो. १९९५ चं क्यूबेकचं दुसरं सार्वमत ५०.५८ विरुद्ध ४९.४२ असं थोडक्यात फसलं होतं. प्रश्न असा लांबलचक आणि भागीदारीच्या भाषेत गुंडाळलेला होता की 'हो' म्हटल्यावर नेमकं काय मिळणार यावरच वाद होते. ऑगस्ट १९९८ मध्ये न्यायालयाने दोन्ही बाजूंना बांधून टाकलं. एकतर्फी फुटून निघण्याचा हक्क क्यूबेकला नाही, ना कॅनडाच्या घटनेत, ना आंतरराष्ट्रीय कायद्यात. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने लोक 'हो' म्हणाले, तर ते कानाआड करण्याचा हक्क कॅनडालाही नाही. वाटाघाटींना बसावंच लागेल.

ब्रिटनमध्ये या निकालाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे वाटाघाटींना बसण्याचं बंधन, नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसद सार्वमताचा कायदा करू शकत नाही. कायद्याने ते बरोबर असेल. पण संमती कधी द्यायची, याचा नियमच नाही. म्हणजे लंडनमध्ये जो पक्ष सत्तेवर असेल त्याची मर्जी. उत्तर आयर्लंडचं तसं नाही. तिथला हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतरच्या कायद्यात लिहिलंय की तिथल्या बहुसंख्यांना ब्रिटनमधून निघून आयर्लंडमध्ये जायचं असावं असं मंत्र्याला दिसलं, तर सार्वमत घ्यावंच लागेल, आणि दोन सार्वमतांत निदान सात वर्षांचं अंतर हवं. मंत्र्याला ते कशावरून दिसणार, हे तिथेही संदिग्ध आहे, तरी निदान एक चौकट आहे.

चौकट नसली की हा प्रश्न पक्षांची मालमत्ता होतो. न्यायालयाच्या निकालानंतर स्कॉटलंडच्या सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन म्हणाल्या, पुढची सार्वत्रिक निवडणूकच आम्ही सार्वमत समजू. म्हणजे पुन्हा कॅटलोनियाचीच वाट. जुलै २०२४ मध्ये ती निवडणूक झाली तेव्हा त्या पदावर नव्हत्या आणि एसएनपी ४८ वरून ९ जागांवर घसरली. लंडनमध्ये काहींनी लगेच जाहीर केलं, स्वातंत्र्याचा प्रश्न मिटला. पण मतचाचण्यांत स्वातंत्र्याला पाठिंबा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधेच होता, निवडणुकीआधीही आणि नंतरही. ५६ जागा म्हणजे कौल नव्हता, तशा ९ जागा म्हणजे नकारही नव्हता. मधल्या दहा वर्षांत डंडीत कित्येकांची मतं एकाच निकषावर पडली, 'संघराज्यवाला (ब्रिटनमध्येच राहू म्हणणारा) की स्वातंत्र्यवाला'. इस्पितळातल्या प्रतीक्षायाद्या, मुलांच्या शाळांची घसरण, व्यसनाने होणारे मृत्यू, यांचा जाब कुणाला विचारायचा तर विचारणाऱ्याच्या कपाळावर आधी शिक्का शोधला जायचा. याने दोन्ही बाजूंच्या नेत्यांचं फावलं आणि लोकांचं नुकसान झालं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या भागाला 'बऱ्याचदा हो'. लोकांचा कल अनेक वर्षं टिकून दिसत असेल, मतदार रहिवासावरून ठरत असतील, प्रश्न तटस्थ संस्थेने तपासलेला असेल आणि तरीही केंद्र 'नाही' एवढंच म्हणत असेल, कधी हो म्हणणार हेही सांगत नसेल, तर मी त्याला अन्याय म्हणेन. एखाद्या पक्षाने एक निवडणूक जिंकून उद्याच सार्वमत मागितलं आणि केंद्राने थांबायला सांगितलं, तर तो अन्याय नाही. उद्या स्कॉटलंडमध्ये पुन्हा मतदान झालं तर मी कदाचित वेगळं मत देईन. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल सार्वमत घेतलं तेव्हा इथल्या ६२ टक्के लोकांनी आत राहायचं म्हटलं होतं आणि त्याला काही किंमत मिळाली नाही, हे मी विसरलेले नाही. पण चलनाचा प्रश्न मी परत विचारणार.