तापोळ्याच्या मुक्कामाचे चार वर्षांनी आलेले समन्स

प्रश्न : आम्ही सांगलीला राहतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २४ एप्रिल २०२१ रोजी, मी, माझे पती, आमची दोन लहान मुले, माझी ६८ वर्षांची आई आणि धाकटा भाऊ असे सहा जण सातारा जिल्ह्यातल्या तापोळ्याजवळ डोंगरात भाड्याने घेतलेल्या एका लाकडी कॉटेजवर पाच दिवसांसाठी गेलो. पैसे मार्चमध्येच भरले होते. आमच्या इमारतीत रुग्ण सापडू लागल्यामुळे तिथे आम्ही अधिक सुरक्षित राहू, असे वाटले. निघण्यापूर्वी आम्हा चौघा मोठ्यांच्या आरटीपीसीआर चाचण्या निगेटिव्ह आल्या होत्या. भावाने ई-पास काढताना आईच्या उपचाराचे कारण लिहिले, पण प्रत्यक्षात तसा काही उपचार नव्हता. तिसऱ्या दिवशी पोलीस आले, १०,००० रुपये दंड घेऊन पावती दिली आणि आम्हाला परत पाठवले. गुन्हाही नोंदवला होता हे आता समन्स आल्यावर कळले. दोषारोपपत्र जून २०२३ मध्ये दाखल झाले आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा, दुपारपर्यंत मोकळे व्हाल. भावाला जर्मनीत नोकरी मिळाली आहे आणि त्याच्या पासपोर्टचे नूतनीकरण व्हायचे आहे. आईचे जुने वैद्यकीय कागद दाखवून सुटता येईल का? कॉटेजमालकाकडून उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतील का?

उत्तर : ताई, पहिल्या तारखेला गुन्हा कबूल करू नका. ओळखीच्या गृहस्थांनी दिलेला सल्ला वाईट हेतूने दिलेला नसावा. न्यायालयाच्या आवारात रोज अनेक जण असेच मोकळे होतात, हेही मी पाहतो. परंतु फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५२ खाली दिलेली कबुली म्हणजे दोषसिद्धी असते, आणि अशा कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध, शिक्षेचे प्रमाण व वैधता एवढे सोडले तर, कलम ३७५ नुसार अपील करता येत नाही. दंडाची रक्कम तुम्ही वर्षभरात विसराल. मात्र ‘आपणास कोणत्याही फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?’ हा रकाना तुमच्या भावाला आयुष्यभर प्रत्येक अर्जात ‘होय’ असा भरावा लागेल. आणि ज्या खटल्यात बचाव कागदावरच उभा आहे, त्यात अशी कबुली देणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

हा बचाव नेमका कोणता, ते आता सांगतो. तुम्ही पाठवलेल्या समन्सच्या फोटोत भारतीय दंड संहितेचे कलम १८८ दिसते, म्हणजे लोकसेवकाने रीतसर जाहीर केलेल्या आदेशाचा भंग. या कलमाच्या बाबतीत फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९५(१)(अ) असे सांगते की, ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्याने, किंवा तो ज्याच्या हाताखाली काम करतो त्या अधिकाऱ्याने, स्वतः लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालयाला अशा गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. येथे आपल्या भाषेतला एक घोळ पुष्कळांना नडतो. पोलीस ठाण्यात हवालदाराने ‘सरकारतर्फे फिर्याद दिली’ असे आपण म्हणतो, आणि कलम १९५ मधल्या ‘तक्रारी’लाही अनेक जण फिर्यादच म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे पोलीस ठाण्यातली खबर. दुसरी म्हणजे थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेला लेखी अर्ज, आणि कलम २(ड) मधील व्याख्येनुसार पोलिसांचा अहवाल तिच्यात मोडत नाही. ही तरतूद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दौलत राम प्रकरणात आणि २०१० मध्ये मुनिअप्पन प्रकरणात स्पष्ट केले आहे. पोलिसांना कलम १८८ खाली गुन्हा नोंदवून तपास करता येतो की नाही, यावर वकिलांमध्ये वाद होतो. तो वाद तुम्ही अंगावर घेण्याचे कारण नाही, कारण तुमचा प्रश्न त्यापुढच्या पायरीचा आहे. त्या दोषारोपपत्राबरोबर जिल्हाधिकाऱ्यांची अथवा त्यांच्या वतीने अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार नसेल, तर कलम १८८ चा खटला चालू शकत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ५१(ब), म्हणजे आपत्तीच्या काळात शासनाचे वा प्राधिकरणाचे निर्देश न पाळणे, लावले आहे, त्यालाही अशीच अट आहे. त्या कायद्याचे कलम ६० म्हणते की प्राधिकरण, शासन किंवा त्यांनी अधिकृत केलेली व्यक्ती यांची तक्रार असावी, किंवा ३० दिवसांची नोटीस देऊन एखाद्या नागरिकाने ती करावी. म्हणजे येथेही नुसते दोषारोपपत्र पुरत नाही.

उरते दंड संहितेचे कलम २६९, म्हणजे प्राणघातक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेली हयगयीची कृती. याला कलम १९५ ची आडकाठी नाही, आणि न्यायालय ते स्वतंत्रपणे चालवू शकते, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. परंतु येथे सरकार पक्षाला हे दाखवावे लागेल की तुमच्या कृतीने संसर्ग पसरण्याचा संभव होता आणि तुम्हाला ते माहीत होते, किंवा तसे समजण्यास कारण होते. तुमच्याकडे चौघांचे निगेटिव्ह अहवाल आहेत. कॉटेज एकटे होते आणि तीन दिवसांत तुम्ही गावात मिसळला नाहीत, असेही तुम्ही लिहिता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२० मध्ये म्यानमारच्या ८ नागरिकांविरुद्धचा खटला रद्द करताना, त्यांच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या आणि संसर्ग पसरवणारी कृती दाखवणारा पुरावा नव्हता, या बाबींना महत्त्व दिले होते. तो निकाल तुमच्या वकिलांनी जवळ ठेवावा. चाचण्यांचे मूळ अहवाल, त्यांवरील तारीख, वेळ व नमुना क्रमांकासह, आजच शोधून वेगळे ठेवा. प्रयोगशाळेचा संदेश केवळ मोबाइलमध्ये असेल, तर तो मोबाइल विकू नका.

आता मुदतीचा, म्हणजे खटला किती काळात दाखल व्हायला हवा हा मुद्दा, जो मला या खटल्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही पाठवलेल्या समन्सच्या फोटोत कलमांच्या ओळीत ‘१८८, २६९,’ एवढे दिसते. त्यानंतरच्या स्वल्पविरामापुढे कागद धरणाऱ्याचा अंगठा आला आहे, आणि अंगठ्याच्या पलीकडे ‘५१(ब)’ दिसते. त्या अंगठ्याखाली कलम २७० (संसर्ग पसरवू शकणारी तशीच कृती द्वेषबुद्धीने करणे) आहे की नाही, यावर बरेच अवलंबून आहे. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यासाठी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ खाली मुदत एक वर्षाची असते. १८८, २६९ आणि ५१(ब) ही तिन्ही कलमे तुमच्या बाबतीत त्या मर्यादेत बसतात. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला, आणि सरकारी वकील त्याचा आधार घेतील, हे गृहीत धरा. तो संपूर्ण काळ वगळला तरी वर्ष फेब्रुवारी २०२३ अखेर संपते, आणि दोषारोपपत्र तर जूनमध्ये आले आहे. मुदत मोजताना न्यायालयाने दखल केव्हा घेतली यापेक्षा खटला केव्हा दाखल झाला, ही तारीख पाहिली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे दाखल झाल्याच्या शिक्क्याची तारीख नीट पाहून घ्या. न्यायालयाला कलम ४७३ खाली न्यायाच्या हितासाठी किंवा योग्य कारणाने झालेला उशीर माफ करता येतो. परंतु सरकार पक्षाने तसे कारण मांडले आहे का, हे पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

मात्र कलम २७० लावलेले असेल, तर चित्र बदलते. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत असल्याने मुदत तीन वर्षांची होते, आणि एकत्र चालणाऱ्या गुन्ह्यांत सर्वांत मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत सर्वांना लागू होते. तसे असल्यास मुदतीचा मुद्दा मागे पडेल आणि तुमचा भर तक्रारीच्या अभावावर राहील. त्याचबरोबर, कलम २७० ला द्वेषबुद्धी लागते आणि चाचणी करून निघालेल्या कुटुंबाच्या मनात ती होती असे म्हणता येणार नाही, हेही मांडावे लागेल.

ई-पासविषयी मी थोडे कठोर लिहितो, त्याबद्दल राग मानू नका. आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे, म्हणून तिचे जुने कागद ‘उपचारासाठी प्रवास’ म्हणून दाखल करावेत, असा विचार तुमच्या घरात चालू आहे. तो आजच सोडून द्या. पासच्या अर्जात चुकीचे कारण लिहिणे ही एक चूक होती, आणि समन्सच्या दिसणाऱ्या भागात तरी तिच्याबद्दल आरोप नाही. तीच गोष्ट आता शपथेवर न्यायालयासमोर सांगितली, तर तो खोटा पुरावा होईल, ज्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. तो वापरा, पण खोटे बोलू नका. तुमचा बचाव कायद्याच्या मुद्द्यांवर पुरेसा भक्कम आहे. त्याला खोट्याचा टेकू दिला, तर न्यायाधीशांचा विश्वास जाईल आणि खरे मुद्देही त्याबरोबर जातील.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. राज्य शासनाच्या २१ एप्रिल २०२१ च्या आदेशाने दुसऱ्या दिवशी रात्री ८ पासून जिल्ह्याबाहेरचा खासगी प्रवास केवळ निकडीच्या कारणांपुरता ठेवला आणि भंगासाठी १०,००० रुपये दंड ठरवला, तो कोणाच्या सुट्टीवर आकस म्हणून नव्हे. त्या दिवसांत साताऱ्यात ऑक्सिजनच्या खाटेसाठी नातेवाईक रात्रभर फोन लावत होते. तापोळ्याच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे तर शिवसागर जलाशयातून लाँचने आणावे लागते. तुमच्या आईला तिथे ताप आला असता, तर तीच लाँच तुम्हाला लागली असती. आपण एकटे राहू म्हणजे कोणाला धोका नाही, हे तुमचे म्हणणे प्रामाणिक आहे. पण डोंगरातल्या वाड्यांना ती भीती का वाटली, हे तुमच्या भावालाही समजायला हवे. न्यायालयात खेद व्यक्त करण्याची वेळ आलीच, तर तो या समजेतून यावा.

१०,००० रुपयांची पावती जपून ठेवा. एकदा दंड भरला म्हणजे खटला चालू शकत नाही, असा तुमचा समज दिसतो, पण तो बरोबर नाही. एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा नाही हे तत्त्व न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला लागू होते, जागेवर वसूल केलेल्या दंडाला नाही. तरीही शिक्षेचा प्रश्न आलाच, तर ही पावती तुमच्या बाजूने बोलेल.

भावाच्या पासपोर्टचे काम खटल्याच्या निकालाची वाट पाहत थांबवू नका. फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असताना पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ६(२)(फ) खाली पासपोर्ट नाकारता येतो. तुमच्या प्रकरणात समन्स निघाले आहे, म्हणजे केवळ गुन्हा नोंद असल्याचा मुद्दा आता राहिलेला नाही. त्यामुळे अर्जात प्रलंबित खटल्याची माहिती लपवू नये. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार, ज्या न्यायालयात खटला आहे त्याच न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिली की पासपोर्ट मिळतो. न्यायालयाच्या आदेशात पासपोर्टचा कालावधी लिहिलेला नसेल, तर तो एक वर्षाचाच दिला जातो. म्हणून अर्जातच नोकरीच्या कराराची प्रत जोडून ठरावीक वर्षांची स्पष्ट मागणी करा. तारखांना वकिलामार्फत हजर राहण्याची हमीही त्यात लिहा.

राज्य शासनाने २०२२ मध्ये टाळेबंदीच्या काळातील कलम १८८ चे खटले मागे घेण्याचे धोरण जाहीर केले होते, हे तुम्ही ऐकले ते खरे आहे. परंतु त्यामुळे कोणताही खटला आपोआप संपत नाही. प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली सरकारी अभियोक्त्याने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. तुमच्या वकिलांनी त्या न्यायालयातील सहायक सरकारी अभियोक्त्यांना लेखी विनंती करून पोच घ्यावी. मात्र त्याची वाट पाहत बाकीचे अर्ज अडवून ठेवू नयेत.

कॉटेजच्या पैशांबाबत फारसे काही उरलेले नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते आणि करोनाचा काळ वगळूनही ती फेब्रुवारी २०२४ अखेर संपली. शिवाय कॉटेजमालक या खटल्यात साक्षीदार असू शकतो. पैशांच्या निमित्ताने त्याला फोन केलात, तर साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप अकारण ओढवून घ्याल. तो विषय सोडा.

समन्सच्या तारखेला वकीलपत्र देऊन चौघांनी हजर राहावे. हे गुन्हे जामीनपात्र आहेत, बंधपत्र दिले की घरी जाता येते. आईसाठी पुढील तारखांना कलम २०५ खाली गैरहजेरीची परवानगी मागा. मुले आरोपी नाहीत, त्यांना न्यायालयात नेऊ नका. त्याच दिवशी नक्कल अर्ज करून प्रथम खबर, दोषारोपपत्र, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि समन्स काढण्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती घ्या. कार्यवाही थांबवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम २५८ खाली अर्ज करता येईल. समन्सच्या आदेशाविरुद्ध सातारा सत्र न्यायालयात पुनरीक्षणाचाही, म्हणजे तो आदेश वरच्या न्यायालयाकडून तपासून घेण्याचाही मार्ग आहे, पण त्याची ९० दिवसांची मुदत समन्स काढल्याच्या तारखेपासून मोजली जाईल. त्यामुळे ती तारीख पाहूनच कोणता मार्ग घ्यायचा ते ठरवा. १ जुलै २०२४ पूर्वीपासून चालू असलेला हा खटला जुन्याच फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार चालेल. मात्र तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जायचे ठरल्यास अर्ज तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली करावा लागेल, आणि त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आले आहेत.

हे सारे अर्ज फेटाळले गेले आणि पुराव्यानंतर दोष सिद्ध झालाच, तरी शिक्षेआधी गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागण्यास तुमच्या वकिलांनी विसरू नये. त्याखाली ताकीद देऊन सोडल्यास, कलम १२ नुसार, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. आणि नक्कल हाती आल्यावर त्या ओळीतला अंगठ्याखालचा भाग मला कळवा. मुदतीचा मुद्दा पुढे ठेवायचा की तक्रारीचा, ते मी त्यावरून सांगेन.