'ताई, मी हललो तर?'

"डोळ्यात सुई? तीही मी जागा असताना?"

समुपदेशक म्हणून हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की कुणी 'डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय' म्हटलं की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. बहुतेक जण साठी-सत्तरीतले असतात. वाचताना ओळी वाकड्या दिसू लागतात, समोरच्याचे कान दिसतात पण चेहरा पुसट दिसतो. तपासणीत पीतबिंदूची झीज निघते, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेल्या मॅक्युलाची. त्यातल्या ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. हे पाझरणं थांबवायला औषध थेट डोळ्यात द्यावं लागतं. डॉक्टर तारीख देतात आणि पेशंट ती पुढे ढकलतो. आधी सर्दी, मग लग्नकार्य, मग पितृपक्ष. डोळा मात्र थांबत नाही. आठवडे गेले की पडद्यावर व्रण तयार होतो, आणि गेलेली नजर मग सहसा परत येत नाही.

अशाच एका काकांनी दोन तारखा चुकवल्या होत्या. वय ७२, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, ३१ वर्षांच्या नोकरीत विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सुनेने आणलं तेव्हा खुर्चीच्या टोकावर, पाठ ताठ ठेवून बसले होते.

पहिल्या दोन भेटी मी दुखण्याबद्दलच बोलले. भूल देणारे थेंब घालतात, सुई अगदी बारीक असते, काही क्षणांत काम होतं. काका मान हलवत होते. तिसऱ्या भेटीत मी वेगळं विचारलं.

"काका, अजिबात दुखणार नाही असं डॉक्टरांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं, तर उद्या जाल?"

"नाही."

"का?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. माझं लक्ष त्यांच्या उजव्या पायाकडे गेलं. चप्पल सतरंजीवर घट्ट दाबलेली होती, ब्रेकवर असावी तशी.

"ताई, मी हललो तर? सुई आत असताना शिंक आली तर? त्यात डॉक्टरांचा काय दोष? माझ्याच चुकीने माझा डोळा जायचा."

सुई दुखेल याची भीती त्यांना नव्हतीच, आणि दोन भेटी मी नसलेल्या भीतीवर फुंकर घालत होते. माझ्या कामात कितीही वर्षं काढली तरी ही चूक होते. मग मी त्यांना त्यांचं म्हणणं पूर्ण वाक्यात सांगायला लावलं आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'मी दगडासारखं पडून राहायलाच हवं, जराही हललो तर सगळं संपलंच.'

त्यातल्या दोन 'च'भोवती मी गोल केले. माझा अनुभव असा की माणसाला प्रसंग जेवढा छळत नाही, तेवढा हा 'च' छळतो. 'शांत पडून राहणं चांगलं' हे खरं आहे. 'पडून राहायलाच हवं' हा आपणच आपल्यावर काढलेला हुकूम असतो. आणि हुकूम मोडला जाईल या धास्तीने अंग आणखी ताठतं.

हे त्यांना पटेल असं मी कसं सांगणार होते? तेवढ्यात पुन्हा त्यांच्या पायाकडे नजर गेली आणि मी विचारलं, "काका, स्टिअरिंग एकदम घट्ट असलं तर गाडी चांगली चालते का?"

ते पहिल्यांदा हसले. "छे! स्टिअरिंगला थोडा प्ले लागतोच. प्लेच नसेल तर घाटात गाडी झेपायची नाही."

"मग स्वतःला किती प्ले ठेवलाय?"

काकांनी कागदाकडे पाहिलं. पेन मागितलं, दोन्ही 'च' खोडले आणि मग हळूच म्हणाले, "आणि तिथं गाडी मी चालवत नाहीये, नाही का?"

या वाक्यासाठी मी या व्यवसायात आहे. ते मी सांगितलं असतं तर त्यांनी नुसती मान हलवली असती.

'हललो तर?' हा प्रश्न त्यांनी जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. उत्तर मिळालं ते असं : पापण्या क्लिपने उघड्या धरलेल्या असतात, त्यामुळे डोळा मिटायचा प्रश्न नाही. सुई काळ्या भागातून जात नाही. बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून जाते. औषध ०.०५ मिली, म्हणजे थेंबभर. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं तर आधी सांगा, आम्ही थांबतो. 'आम्ही थांबतो' हे काकांनी मला दोनदा सांगितलं.

घरी दिवाणावर झोपून त्यांनी तालीम केली. काकू मोठ्याने एकेक पायरी म्हणायच्या : थेंब, बेटाडिन, क्लिप, तिकडे बघा, दाब, झालं. काका छताच्या हुकाकडे बघत श्वास सोडायचे. पहिलं इंजेक्शन झाल्यावर त्यांचा फोन आला, "सुईपेक्षा ते बेटाडिनच जास्त झोंबलं!"

घरच्यांनो, 'काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं' असं म्हणू नका. तुम्ही धीर द्यायला म्हणता, पण पेशंटचं बोलणं तिथेच खुंटतं. 'नेमकं काय होईल असं वाटतं?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

नंतरच्या दिवसांचंही आधीच सांगून ठेवा. पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. काळे बुडबुडे तरंगतात, तेही एक-दोन दिवसांत विरतात. पण दुखणं वाढत गेलं, लाली पसरली, उजेड सहन होईना किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर एकेक तास मोलाचा असतो. रविवार आहे म्हणून थांबायचं नाही.

दुसरी अडचण तिसऱ्या इंजेक्शननंतर येते. सुरुवातीची तीन साधारण महिन्याच्या अंतराने देतात, आणि लोकांना वाटतं कोर्स संपला. काकाही रुसून आले होते. "तक्त्यावर तेवढंच वाचता येतंय. मग उपयोग काय?" मी त्यांना सांगितलं की २००६ साली रॅनिबिझुमॅब हे डोळ्यात द्यायचं औषध आलं, त्याआधी या आजारात बहुतेकांची मधली नजर जायची. आता निम्मी लढाई आहे ती नजर टिकवायची. पुढचं अंतर डॉक्टर ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, बघून ठरवतात. ते वाढवता येतं, पण आपल्या मनाने नाही.

बरेच जण खर्चामुळे गुपचूप थांबतात. त्यांना मी आवर्जून सांगते, संकोच न करता डॉक्टरांशी बोला. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचं कॅन्सरचं औषध बरंच स्वस्त पडतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रॅनिबिझुमॅब आणि हे, अशा दोन्ही औषधांनी नजर जवळपास सारखीच राखल्याचं दिसलं. तुमच्या डोळ्याला काय योग्य, ते डॉक्टरच ठरवतील. मुलाची रजा वाया जाते म्हणून तारीख चुकवणारेही भेटतात. मुलाला न विचारता त्याचं उत्तर आपणच देऊन मोकळे होतात.

काकांची आता नऊ इंजेक्शनं झाली आहेत. रेघा वाकड्या दिसतात का ते घरीच बघायला फ्रिजच्या दारावर चौकटींचा ॲम्सलर तक्ता लावलाय. रोज सकाळी चहाआधी चष्मा लावून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघतात. गेल्या आठवड्यात फोनवर मी विचारलं, रेघा कशा दिसतात?

"डावीकडची चौथी वाकडीच आहे, ताई," ते म्हणाले. "पण कालच्याएवढीच."