गोष्टीआधी नाव शोध

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी आठ-दहा जणांना घेऊन मुंबईच्या फोर्टमध्ये फिरायचं आणि प्रत्येक इमारतीपुढे थांबून तिची गोष्ट सांगायची, हा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. 'तुम्हाला ठाऊक असलेल्या पंधरा-वीस गोष्टी लिहून पाठवा,' असंही तू लिहिलं आहेस. गोष्टी पाठवायला माझी ना नाही. पण आयत्या मिळाल्या की तू त्या तशाच पुढे सांगशील, आणि न तपासता पुढे सांगितलेल्या गोष्टींची फोर्टमध्ये आधीच फार गर्दी आहे. म्हणून गोष्ट पारखायची कशी, ते आधी लिहितो. ते एकदा अंगवळणी पडलं की गोष्टी तुझ्या तुलाच सापडतील, आणि माझ्यापेक्षा चांगल्या सापडतील.

ताजमहाल हॉटेलपासून सुरुवात करू. तिथली गोष्ट तू नक्की ऐकली असशील. विलायतेतल्या आर्किटेक्टने नकाशे पाठवले, इथल्या लोकांनी ते उलटे धरले, समुद्राकडे हवं होतं ते तोंड शहराकडे झालं, आणि साहेब येऊन बघतो तर काय! त्या धक्क्याने त्याने जीव दिला. ही गोष्ट सांगितली की ऐकणारे हमखास 'अरेरे' म्हणतात. पण ती सरळसरळ खोटी आहे. ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज गृहस्थांनी तडीस नेलं. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. दर्शनी दार शहराच्या बाजूला होतं, ते तसंच ठरवलेलं होतं. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराकडूनच यायच्या. पुढे ते दार बंद झालं, आणि आज त्या जागी पोहण्याचा तलाव आहे. आपण आज ज्या बाजूने ताजचा फोटो काढतो त्या बाजूला तेव्हा गेटवे ऑफ इंडियासुद्धा नव्हता. तो १९२४ मध्ये खुला झाला.

आता त्या खोट्या गोष्टीने काय केलं बघ. ज्या माणसाने इमारत कागदावर उभी केली त्याचं नावच तिने पुसलं. वर नकाशा उलटा धरणारे अडाणी म्हणून इथल्या माणसांची नोंद करून ठेवली. आणि हे वैद्य कोण? बोरीबंदरच्या स्टेशनचं, म्हणजे आपल्या सीएसएमटीचं काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या हाताखाली चाललं होतं, तेव्हाचे हे सहायक अभियंता. मुंबईच्या दोन सगळ्यांत ओळखीच्या इमारतींना या माणसाचा हात लागलेला आहे. रोज लाखो मराठी माणसं त्या स्टेशनातून ये-जा करतात, आणि त्यांच्यातल्या शंभरातल्या एकालाही हे नाव माहीत नसेल. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ताजपुढे उभा राहशील तेव्हा वैद्यांचं आणि मिर्झांचं नाव आधी घे. आत्महत्येची कथा नंतर कुणी विचारली, तर ती कशी चुकीची आहे तेही सांग.

गोष्ट तपासायला फार विद्वत्ता लागत नाही. पुष्कळदा नुसती सालं शेजारी-शेजारी मांडली की काम भागतं. सीएसएमटीवरचं कोरीवकाम लॉकवुड किपलिंगने केलं, असं तुला बरेच जण सांगतील. हा किपलिंग १८६५ मध्ये जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवायला आला आणि १८७५ मध्ये लाहोरला निघून गेला. स्टेशनचं बांधकाम सुरू झालं १८७८ मध्ये. मग त्याने तिथे कोरलं कधी? ते काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली. किपलिंगचं काम बघायचं असेल तर तिथून चालत क्रॉफर्ड मार्केटला जा. विल्यम इमर्सनने आखलेली ही मंडई १८६९ मध्ये पुरी झाली, म्हणजे सालं बरोबर जुळतात. दारावरच्या कमानीत शेतात राबणाऱ्या माणसांची शिल्पं आहेत, ती किपलिंगची. खाली फळांच्या पेट्या, हातगाड्या, हमालांची घाई, त्यामुळे मान वर करायला कुणाला सवड नसते. तू लोकांना एका कडेला घे आणि वर बघायला लाव. आज त्या मंडईला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे. वर कोरलेली माणसं शेतकरी आहेत हे दाखवलंस, की त्या नावाबद्दल निराळं काही सांगावं लागणार नाही.

सीएसएमटीला मात्र घाई करू नकोस. तिथे पूर्ण सकाळ दे, आणि पहिल्या खेपेला एकटाच जा. दुर्बीण ने. नसेल तर कुणाची मागून ने, पण ने. घुमटावरची प्रगतीची मूर्ती आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, हे थॉमस अर्प या शिल्पकाराचं काम. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. हे सगळे सांगतातच, तूही सांग आणि पुढे हो. खरी मजा खाली आहे, भिंतीत आणि खांबांच्या माथ्यांवर. पिसारा फुलवलेला मोर दिसेल, पानांच्या आड दडलेले प्राणी दिसतील. दोन खांबांवरची पानं अगदी सारखी आहेत का ते बघ. एका ठिकाणी पानाची कड मऊ वळलेली असते, दुसरीकडे तीच कड ताठ कापलेली. टाकी धरणारे हात वेगळे होते, हे तिथे डोळ्यांना दिसतं. त्या हातांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. इंग्रजी अमदानीतलं हे शहर दगडात उभं करणाऱ्यांत तेलुगू मुलखातून आलेले कामाठी होते, आणि त्यांच्यामुळे एका वस्तीला कामाठीपुरा नाव पडलं. फोर्टच्या फेरीत कामाठीपुऱ्याचा उल्लेख आला की काही लोक अवघडतील. तरीही तो कर.

दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत माणसांचे चेहरे आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेटांचा चेहरा आहे, तो शोधून काढ. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी सुटली, त्या रेल्वे कंपनीचे ते संचालक. १८६५ मध्ये ते गेले, त्यामुळे हे स्टेशन त्यांनी पाहिलंच नाही. ऐकणाऱ्यांना 'तो बघा' म्हणून लगेच बोट दाखवू नकोस, त्यांना शोधू दे. स्वतः शोधलेला चेहरा माणूस विसरत नाही, आणि पुढच्या वेळी तो घरच्यांना घेऊन येतो.

तूच विचारलं आहेस की मग दंतकथा सांगायच्याच नाहीत का? सांगायच्या. हायकोर्टाच्या खांबावर एक माकड कोरलेलं आहे. हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी. खटला हरलेल्या पारशी कंत्राटदाराने न्यायाधीशांवर असा सूड उगवला, असं सांगतात. माकड दगडात आहे, ते जाऊन बघता येतं. सुडाची गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. दोन्ही सांग, पण दोन्हींमधली रेघ ऐकणाऱ्याला स्पष्ट दिसू दे. 'असं सांगतात' हे शब्द गाळू नकोस.

राजाबाई टॉवरचंही तसंच. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची आई दृष्टीने अधू होती, दिवे लागायच्या आत जेवायचा नेम पाळता यावा म्हणून तिला वेळ ऐकू यायला हवी होती, त्यासाठी हा मनोरा, असं सांगतात. गोष्ट गोड आहे. पण कागदोपत्री जे आहे ते मला जास्त मोठं वाटतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीत प्रेमचंदांनी दोन लाख रुपये देऊ केले. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, बाजार कोसळला आणि खुद्द प्रेमचंद बुडाले. मनोरा मात्र सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याप्रमाणे १८७८ मध्ये पुरा झाला, आणि त्याला आईचं नाव लागलं. स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही, आराखडे विलायतेतून आले. आणि वर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्या अभियंत्याने घडवले. आणखी एक नाव. ओव्हल मैदानाच्या कडेला उभं राहून दुर्बिणीतून पगड्या आणि पागोटी बघ. साहेबाच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपी शैलीतल्या, मनोऱ्यावर आपल्याकडची डोकी कशी बसवली आहेत, हे बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

मोठ्या इमारतींनी दमलास की मिंट रोडजवळच्या पाणपोईकडे वळ. रतनसी मूळजी या व्यापाऱ्याने ती १८९४ मध्ये बांधली. आराखडा पुन्हा स्टीव्हन्सचाच. माथ्यावर एक मुलगा पुस्तक वाचतो आहे. तो धरमसी, रतनसींचा एकुलता एक मुलगा, पंधराव्या वर्षी गेलेला. बापाने त्याला देवदूताचे पंख दिले नाहीत की हातात फुलं दिली नाहीत, पुस्तक दिलं. आणि खाली पाणी ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाहीसाठी. बरीच वर्षं ही पाणपोई धूळ खात पडली होती. अलीकडे तिचं जतन झालं, त्याची युनेस्कोनेही दखल घेतली. तिथे पोचल्यावर फार बोलू नकोस. एवढं सांग आणि लोकांना भोवती फिरू दे.

फ्लोरा फाउंटनला मात्र भरपूर बोल. एका चौकात इतके थर मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडतील. इंग्रजांच्या जुन्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा इथे होता. तट पाडले आणि १८६४ मध्ये हे कारंजं बसलं. नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथचं शिल्प, दगडही पोर्टलंडचा, इंग्लंडातला. २०१८ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना इथे जमिनीखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली होती. आणि शेजारी हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी इथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत ते त्यासाठी. काही मंडळी वारसा सांगताना कारंज्याविषयी तासभर बोलतात आणि स्मारकापाशी आवाज उतरवून पुढे सरकतात, जणू तो वारसा नव्हे, राजकारण आहे. तू असं करू नकोस. ज्या राज्यात आपण उभे आहोत ते या चौकातल्या रक्तातून आलं आहे. कारंज्याला जेवढा वेळ देशील तेवढाच स्मारकाला दे.

काळा घोडा सगळ्यांना आवडतो, तो दोन मिनिटांत होतो. १८७९ मध्ये अल्बर्ट सासून या व्यापाऱ्याने युवराज एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा दिला. १९६५ मध्ये तो हलवला, आता राणीच्या बागेत आहे. पुतळा गेल्यावरही नाव राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना घोडा उभा राहिला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. ज्यांना मूळ पुतळा बघायचा असेल त्यांना भायखळ्याला पाठव. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात शहरातून हलवलेले आणखीही पुतळे आहेत.

कागदपत्रांसाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दप्तर, या दोन जागा धर. तट पडण्याच्या सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांनी मराठीत मुंबईचं वर्णन लिहून ठेवलं. ते वाचल्याशिवाय फेरी सुरू करू नकोस. आणि वॉचमनशी बोल. चहा पाज, गावची चौकशी कर. कुठली पाटी कधी काढली, कुठला कोपरा कुणी रंगवला, हे त्यांच्याकडून कळतं. आतला फोटो काढण्याआधी मात्र विचार, आणि नाही म्हणाले तर हुज्जत घालू नकोस. त्यांची नोकरी असते.

एक राहिलं. फोर्टची गोष्ट गॉथिकपाशी संपवू नकोस. स्टीव्हन्सचा मुलगा चार्ल्स, त्याने १९३३ चं रीगल सिनेमागृह आखलं. बापाच्या स्टेशनात एक इंच भिंत कोरल्यावाचून नाही, आणि मुलाची भिंत सरळ, गुळगुळीत. ओव्हलच्या पूर्वेला एक पिढी आणि पश्चिमेला तिच्या पुढची. त्या सगळ्या परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या दुसऱ्या पिढीत आपल्या लोकांची नावं पाटीवर यायला लागली. मास्टर, साठे आणि भुता या आर्किटेक्टांनी आखलेली न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत महात्मा गांधी रस्त्यावर आहे, १९३६ ची. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी कोरलेली उंचच उंच माणसं आहेत. शेतकरी आहेत, कुंभार आहेत, सूत कातणाऱ्या बाया आहेत.

तुझं पहिलं काम तिथलं. येत्या रविवारी सकाळी जा, रस्ता मोकळा असतो. समोरच्या फुटपाथवर उभा राहा आणि त्यातली एकच आकृती वहीत काढ, मोबाइलवर नको. चित्र वाकडं आलं तरी चालेल. हात कुठे आहेत, नजर कुठे आहे, अंगावर काय आहे, पायाशी काय ठेवलं आहे, हे कडेला लिही. मग लायब्ररीत जाऊन पानसऱ्यांबद्दल जे मिळेल ते उतरवून घे. दोन्ही मला टपालाने पाठव. ते आल्यावर तुझ्या फेरीचा रस्ता आपण मिळून आखू.

घरी सर्वांना नमस्कार सांग. पत्राची वाट पाहतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका