सर्व्हर वाढवले, तरी प्रणाली का अडते?

प्रश्न : आमची ऑर्डर-नोंदणीची प्रणाली 2 सर्व्हरवर नीट चालायची. ग्राहक वाढले म्हणून 6 सर्व्हर केले, तर गर्दीच्या वेळी डेटाबेसचं कनेक्शनच मिळेनासं झालं. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, प्रत्येक सर्व्हरचा कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) 20चा. चुकलं कुठे?

उत्तर : आकडे तुम्हीच दिले आहेत, गुणाकार तेवढा राहिला. 2 सर्व्हर असताना 40 कनेक्शन लागायची, आता 120. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूजरसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकासाठी, राखीव. म्हणजे पाचव्या सर्व्हरचा पूल भरतानाच ती संपली.

मर्यादा 500 करून मोकळं होऊ नका. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची स्वतंत्र प्रोसेस असते. 8 कोअरच्या मशीनवर शेकडो प्रोसेस एकदम कामाला लागल्या की सगळ्यांचीच गती घसरते, मेमरी जाते ती वेगळीच.

आधी खरी गरज काढा : दर सेकंदाच्या क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) गुणिले एका क्वेरीचा वेळ. सेकंदाला 400 क्वेरी, प्रत्येकी 20 मिलिसेकंद, तर सरासरी 8 कनेक्शन कामात असतात. तीच क्वेरी 500 मिलिसेकंदांवर गेली की 200 लागतात! कनेक्शन संपण्यामागे म्हणूनच अनेकदा संथ क्वेरी असते. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (कोणती क्वेरी किती वेळ घेते याची नोंद ठेवणारी पोस्टग्रेसची सोय) चालू करा, एकूण सर्वाधिक वेळ खाणाऱ्या 5 क्वेरी शोधा आणि त्यांवर एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरीचा वेळ कुठे जातो ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. मोजक्या ओळींसाठी अख्खं मोठं टेबल वाचलं जात असेल, तर इंडेक्स (हव्या त्या ओळी चटकन शोधून देणारी सूची) हवा. चालू प्रणालीवर तो ‘कॉन्करंटली’ पर्यायानेच बनवा. नाहीतर तो तयार होईपर्यंत त्या टेबलात एकही नवी ऑर्डर नोंदली जाणार नाही.

मग पूल 10वर आणा, एकूण 60 होतील. सर्व्हर आणखी वाढणार असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ) बसवा, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे कनेक्शन एका व्यवहारापुरतंच मिळेल असा. मात्र सेशनभर (कनेक्शन जोडल्यापासून तुटेपर्यंत) टिकणाऱ्या सेटिंग्ज आणि सेशनचे अ‍ॅडव्हायजरी लॉक (कोडने स्वतःहून लावलेली कुलुपं) या मोडमध्ये भरवशाचे नाहीत. कोड आधी तपासा.

प्रश्न : ऑर्डर मंजूर करणारी व्यक्ती एकच आहे. दिवसाला 90च्या आसपास ऑर्डर येतात, कामं तुंबतात. सॉफ्टवेअर बदलावं का?

उत्तर : सॉफ्टवेअरचा दोष दिसत नाही. एका मंजुरीला 5 मिनिटं धरली तर 8 तासांत 96 होतात, म्हणजे ही व्यक्ती जवळजवळ 95 टक्के व्यस्त आहे. कामं अनियमित येतात, त्यामुळे रांगेच्या साध्या गणितानुसार 50 टक्के व्यस्त असताना ऑर्डर सरासरी 10 मिनिटांत सुटते, 80 टक्क्यांना 25, 90ला 50 आणि 95ला 100 मिनिटांत. सीपीयूलाही हेच लागू आहे. 70 टक्के ओलांडले की क्षमता वाढवायला घ्या.

नेहमीच्या ग्राहकांच्या लहान ऑर्डर नियम लावून आपोआप मंजूर होऊ द्या. दुसरी व्यक्ती नेमलीत तरी रांग एकच ठेवा. वेगवेगळ्या याद्या दिल्या, तर एकाची तुंबलेली असताना दुसरा रिकामा बसतो.